नोंदवहीतली रोजची चूक

२०१८ च्या पावसाळ्यात वडूजच्या एका शिक्षणसंस्थेत व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला. व्याख्यान आटोपल्यावर संगणक विभाग सांभाळणारे शिक्षक मला आपल्या खोलीत घेऊन गेले आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, हे बघा. दर पाच मिनिटांनी हीच ओळ. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यापासून चालू आहे. आधी वाटलं, बाहेरून कोणी घुसायला बघतंय. आता सवय झाली. ही ओळ लिहायचीच बंद करून टाकू का?"

ओळ साधी होती. 'प्रवेश नाकारला' एवढाच तिचा अर्थ. संस्थेच्या सर्व्हरवर, म्हणजे ज्या मुख्य संगणकावर ग्रंथालयाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण साठवले जात त्या संगणकावर, घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक नोंदवही आपोआप लिहिली जाते. तिला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये ही ओळ दिवसाला २८८ वेळा उमटत होती. तासाला १२ वेळा, दिवसाचे २४ तास. महिन्याला ८,६४० ओळी झाल्या.

शिक्षकांचा प्रश्न रास्त होता. रोज तीच चूक दिसत असेल आणि काम तर सुरळीत चालले असेल, तर ती नोंद बंद करण्यात गैर काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे इतिहासात जायला हवे. कारण हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. ज्या दिवशी माणसाने एखाद्या गोष्टीवर उपकरणाने देखरेख ठेवून तिची नोंद करायला सुरुवात केली, त्या दिवसापासून तो आपल्याबरोबर आहे.

ओंडका आणि गाठी

'लॉग' या शब्दापासूनच सुरुवात करू. गणितातल्या लॉगॅरिथमशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजावरचे खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत. तो पाण्यात जवळजवळ एका जागी राही आणि जहाज पुढे जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजले, की जहाजाचा वेग कळे. म्हणून आजही जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात. हा वेग ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक झाली, आणि तिथून हा शब्द प्रयोगशाळेत आणि पुढे संगणकात आला.

आता यातली मांडणी पाहू. दोन गाठींमधले अंतर आणि घड्याळाचे सेकंद यांचा मेळ सागरी मैलाशी बसायला हवा. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरील एका मिनिटाच्या कोनाएवढे अंतर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधले खलाशी सागरी मैल ५,००० फुटांचा धरीत आणि ३० सेकंदांच्या घड्याळाला ४२ फुटांवर गाठ मारीत. पृथ्वीचा आकार प्रत्यक्षापेक्षा लहान मानल्यामुळे हा आकडा आला होता.

रिचर्ड नॉरवुड या गणितज्ञाने १६३५ पर्यंत लंडन ते यॉर्क हे अंतर मोजले, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश घेतले आणि एका मिनिटाला सुमारे ६,१२० फूट हे उत्तर काढले. आज आपण सागरी मैल १,८५२ मीटर, म्हणजे सुमारे ६,०७६ फूट मानतो. त्या काळाच्या साधनांनी काढलेले नॉरवुडचे उत्तर किती जवळचे होते ते यावरून दिसते. त्याच्या हिशेबाने ३० सेकंदांच्या घड्याळाला सुमारे ५१ फुटांवर गाठ हवी. हा हिशेब त्याने १६३७ मध्ये पुस्तकरूपाने खलाशांपुढे ठेवला.

खलाशांनी मात्र जुनी दोरी बराच काळ सोडली नाही. ४२ फुटांच्या दोरीवर गाठी भराभर जात, त्यामुळे जहाजाचा वेग प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकवीस टक्के जास्त भरे. कप्तानाला वाटे, आपण किनाऱ्याच्या जवळ आलो. प्रत्यक्षात जहाज मागे असे. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, ही चूक सुरक्षित बाजूची आहे. किनारा अचानक समोर येण्यापेक्षा आधी सावध झालेले बरे. काहींनी दोरी तशीच ठेवून घड्याळच २४-२५ सेकंदांचे केले आणि एका चुकीने दुसरी झाकली.

इथे तीन गोष्टी दिसतात. चूक रोजची होती. ती समुद्रात नव्हती किंवा खलाशाच्या हातातही नव्हती, तर मांडणीत होती. आणि ती मांडणी एके काळच्या ज्ञानाला धरूनच केलेली होती. जग पुढे गेले, दोरी मागे राहिली.

कुलाब्याची वेधशाळा आणि विजेची ट्राम

आता आपल्याकडची गोष्ट पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाबा येथे वेधशाळा उभारली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ देणे आणि आकाशाचे वेध घेणे हे तिचे पहिले काम. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने सुरू झाली. १८४६ पासूनची नियमित मालिका उपलब्ध आहे. पुढे छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने अखंड आलेख काढणारी उपकरणेही आली.

चुंबकीय क्षेत्र मोजणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना द्यायला हवी. मुंबईच्या परिसरात या क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. वर्गात आपण होकायंत्र ठेवतो ते या क्षेत्रामुळे उत्तरेकडे वळते. पण सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत जे विद्युतप्रवाह वाहतात, त्यांनी हे क्षेत्र दिवसभरात थोडे बदलते. हा बदल एरवी काही दशक नॅनोटेस्ला एवढाच असतो. वेधशाळेला शोध असतो तो या बारीक बदलाचा.

१९०० च्या सुमारास मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणण्याचे ठरू लागले. मद्रासमध्ये त्या १८९५ पासून धावत होत्या. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून एकदिश प्रवाह मिळतो आणि तो रुळांतून परत जातो. पण रूळ जमिनीवर असल्यामुळे सगळा प्रवाह रुळांतून परत जात नाही. काही भाग जमिनीत झिरपतो. तारेतला आणि रुळांतला प्रवाह सारखा असता तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे दूर अंतरावर बरीचशी एकमेकांना रद्द करती. झिरपलेल्या भागामुळे हिशेब जुळत नाही.

किती फरक पडतो ते बारावीचा विद्यार्थीही काढू शकेल. सरळ तारेतून I अँपिअर प्रवाह जात असेल, तर r मीटर अंतरावरील क्षेत्र सुमारे २०० × I ÷ r नॅनोटेस्ला भरते. समजा १० अँपिअरचा हिशेब जुळत नाही आणि ट्राम २०० मीटरवरून जाते आहे, तर उत्तर १० नॅनोटेस्ला. म्हणजे सूर्यामुळे होणाऱ्या बदलाच्या जातीचाच हा आकडा झाला. ट्राम आली की आलेख थरथरणार, आणि सायंकाळी गर्दीच्या वेळी जास्त थरथरणार. उपकरण चोख, निरीक्षक दक्ष, तरीही नोंदवहीत रोज चूक.

जगातल्या इतर वेधशाळांवर ही पाळी आलीच होती. कॅनडात टोरांटोची चुंबकीय वेधशाळा १८९८ मध्ये शहराबाहेर अजिनकोर्टला हलवावी लागली. जर्मनीत पॉट्सडॅमचे काम सेडिनला गेले, आणि इंग्लंडमधल्या क्यूसाठी १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला नवी वेधशाळा सुरू झाली.

कुलाब्याचे संचालक त्या वेळी नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होते. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. ट्रामचा त्रास नोंदवहीतून खोडत राहणे ही एक. उपकरणांची संवेदनशीलता कमी करून थरथर दिसेनाशी करणे ही दुसरी. या दोन्हींत ट्रामबरोबर सूर्याचीही बातमी गेली असती. तिसरी वाट जागा बदलण्याची, आणि तीच निवडली गेली. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागला १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड आणला. आपल्याकडे घराघराला वापरला जाणारा काळा पाषाण तिथे चालला नसता, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात आणि तो स्वतःच थोडा चुंबकीय असतो. लोखंडाच्या जागी तांब्या-पितळेचे सामान वापरले.

पण या कथेतला खरा धडा दगडात नाही, तो तारखांत आहे. अलिबागचे काम १९०४ ला सुरू झाले, कुलाब्याचे चुंबकीय काम १९०६ ला थांबले, आणि मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. मधली सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने चालू होती. त्यामुळे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांत किती फरक असतो ते पक्के कळले, आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मापनांचा साकल्याने अभ्यास करून १९१० मध्ये तो दोन भागांत प्रसिद्ध केला. आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि कुलाबा-अलिबागची मालिका जगातल्या सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक मानली जाते. जागा बदलली, इमारत बदलली, उपकरणे बदलली. पण काय बदलले आणि केव्हा, याची नोंद ठेवल्यामुळे धागा तुटला नाही.

विचित्र आकडा चुकीचाच असतो का?

एवढ्यावर थांबलो तर वाचकांचा असा समज होईल की, नोंदवहीत काही वेडेवाकडे दिसले की दोष मांडणीचाच असणार. तसे नाही. त्याच कुलाब्याच्या नोंदवहीत याच्या उलट उदाहरण आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना एक प्रखर झळाळी पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. जगभर तारयंत्रे बिघडली. मुंबईतल्या निरीक्षकांना कॅरिंग्टनच्या निरीक्षणाची बातमी असण्याचे कारणच नव्हते. त्यांना दिसले ते एवढेच की, २ सप्टेंबरला चुंबकीय क्षेत्राचा आकडा एकदम खाली गेला. किती, तर सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. जिथे रोजचा बदल काही दशकांचा, तिथे एवढी घसरण! उपकरण बिघडले असे समजून निरीक्षकाने ते आकडे खोडले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता.

त्याने खोडले नाहीत. एरवी तासातासाला घ्यायची निरीक्षणे त्या वेळी पाच ते पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतली गेली आणि जशीच्या तशी लिहिली गेली. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे वापरून त्या वादळाची तीव्रता काढली. तासाची सरासरी घेतली तर घसरण बरीच कमी भरते, त्यामुळे तीव्रतेच्या नेमक्या आकड्यावर शास्त्रज्ञांत चर्चा होत आली आहे. ती करता येते, कारण मूळ नोंद शाबूत आहे. आजच्या काळात तसे वादळ आले तर उपग्रह आणि वीजवाहिन्या यांचे काय होईल, याचा अंदाज बांधायला कुलाब्याच्या त्या ओळी उपयोगी पडतात.

विसाव्या शतकातले एक उदाहरणही इथे सांगण्याजोगे आहे. अंटार्क्टिकावरील ओझोन कमी होत असल्याचे जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये जाहीर केले. त्यांचे उपकरण हॅली बे येथे जमिनीवर होते. त्याच वेळी अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून वरून ओझोन मोजत होता. त्याला हे दिसले नाही का? एक गोष्ट फार सांगितली जाते की, संगणकाने कमी आकडे चूक समजून फेकून दिले. खरी हकीकत थोडी वेगळी आहे. १८० डॉबसन एककांपेक्षा कमी आकडा आला की त्यावर 'शंकास्पद' असा शेरा मारायचा, अशी संगणकाची मांडणी होती, कारण तोवर इतका कमी आकडा कुठे मिळालेला नव्हता. आकडे फेकले नव्हते, शेरा मारून साठवले होते. १९८४ मध्ये शास्त्रज्ञांना अशा शेऱ्यांचा ढीग दिसला. त्यांनी पडताळ्यासाठी दक्षिण ध्रुवावरील जमिनीवरच्या उपकरणाचे आकडे पाहिले, तर ते चांगले जास्त होते. त्यामुळे उपग्रहावरचा संशय वाढला. पुढे कळले की, त्या काळातले ध्रुवावरचे आकडेच चुकले होते! म्हणजे संशय जिच्यावर घेतला ती नोंद खरी होती, आणि जिच्या आधाराने घेतला ती खोटी. तरीही उपग्रहाचे जुने आकडे शिल्लक असल्यामुळे ओझोनच्या विवराचा नकाशा मागच्या वर्षांपासून काढता आला.

पुन्हा वडूजला

आता त्या खोलीकडे वळू. संगणकाच्या लॉगचाही छोटासा इतिहास आहे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एरिक ऑलमन यांनी टपाल पोचवणाऱ्या आपल्या प्रणालीसाठी 'सिसलॉग' ही सोय केली, आणि ती इतकी उपयोगी ठरली की इतर प्रणालींनीही उचलली. तिच्यात प्रत्येक नोंदीला आठ पायऱ्यांपैकी एक पायरी दिलेली असते. एका टोकाला 'आणीबाणी', दुसऱ्या टोकाला केवळ दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा तपशील. नुसती नोंद पुरत नाही म्हणून पुढे देखरेखीच्या प्रणाली आल्या. १९९९ मध्ये एथन गॅलस्टाड यांनी तयार केलेली आणि नंतर नागिऑस या नावाने प्रसिद्ध झालेली प्रणाली त्यांपैकी एक. या प्रणाली ठरावीक वेळाने प्रत्येक सेवेचे दार ठोठावतात, 'आहेस का?' म्हणून विचारतात आणि उत्तर लिहून ठेवतात. कोणाला, कोणत्या दारावर, कोणत्या नावाने आणि किती मिनिटांनी विचारायचे, हे एका मांडणीच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. खलाशाच्या दोरीवरच्या गाठी त्या याच.

आम्ही दोघांनी लॉग उघडला आणि शेवटच्या ओळीऐवजी ही चूक पहिल्यांदा केव्हा आली ती ओळ शोधली. तारीख जून महिन्यातली निघाली. त्या दिवशी काय झाले होते? शिक्षकांनी आठवून सांगितले की, सुट्टीत जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता आणि माहितीसाठ्याची प्रणालीही नवी घेतली होती.

दुसरा पुरावा वेळेचा. ओळी बरोबर पाच मिनिटांनी येत होत्या. रविवारी, रात्री दोनला, बेंदराच्या सुट्टीलाही. इतका वक्तशीरपणा माणसाचा नसतो. अर्थात बाहेरून घुसणारा कार्यक्रमही घड्याळ लावून येऊ शकतो, म्हणून तिसरी गोष्ट पाहिली. प्रवेश मागणारा कोण? ओळीतला पत्ता त्याच सर्व्हरचा होता. म्हणजे घरातलाच पहारेकरी घराचे दार ठोठावत होता आणि हाकलला जात होता.

बाकी उलगडा सोपा होता. देखरेखीची फाइल जुन्या संगणकावरून जशीच्या तशी नव्यावर आणली होती. तिच्यात पहारेकऱ्याचे जुने नाव आणि जुना परवलीचा शब्द होता. नव्या माहितीसाठ्यात त्या नावाचे खातेच नव्हते. तेव्हा चूक सर्व्हरची नव्हती. सर्व्हर नियमानुसार अनोळखी माणसाला नकार देत होता. चूक पाहणाऱ्याच्या मांडणीत होती.

पण सगळे सांगून झालेले नाही. पहारेकऱ्याला नवे नाव देऊन ओळी थांबल्यावर लॉग स्वच्छ दिसू लागला, आणि त्यात रात्रीची एक वेगळी ओळ नजरेस पडली. रोज रात्री सर्व माहितीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली जाई. ती डिस्क भरली होती. तीन आठवडे प्रत निघत नव्हती. सर्व्हर रोज रात्री एकदा ते सांगत होता, पण २८८ खोट्या हाकांमध्ये एक खरी हाक कोणाला ऐकू येणार? नवी डिस्क मागवण्याचे ठरले. ती येण्यापूर्वीच मुख्य डिस्क बिघडली. त्या मधल्या दिवसांच्या ग्रंथालयाच्या आणि गुणांच्या नोंदी कागदी वह्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. वह्या होत्या म्हणून भागले. नसत्या तर मुलांच्या गुणांचे उत्तर कोणी दिले असते?

शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळाले. ती ओळ लिहायची बंद केली असती, तर पहारेकरी कायमचा बाहेर राहिला असता आणि माहितीसाठा खरोखर बंद पडला असता तरी कोणाला कळले नसते. तशीच चालू ठेवली असती, तर खरी हाक तिच्याखाली गाडली जात राहिली असती. मिटवणे आणि दुर्लक्ष करणे, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात.

म्हणून अशा वेळी क्रम असा ठेवावा. चुकीची पहिली नोंद शोधावी. तिच्या आधी काय बदलले ते पाहावे. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे वेगळे करावे. तोच प्रश्न स्वतःच्या हाताने विचारून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. शेवटी एक परीक्षा जरूर घ्यावी: सेवा मुद्दाम क्षणभर बंद करून धोक्याची सूचना येते का ते पाहावे. गप्प बसलेला पहारेकरी जागा आहे की झोपलेला, हे त्याशिवाय कळत नाही.

शाळेच्या आवारात करण्याजोगे

संगणक नसलेल्या शाळेतही हा धडा शिकवता येतो, आणि वडूजसारख्या गावात तो शिकवायलाच हवा. येरळेकाठचे वडूज हे खटाव तालुक्याचे ठिकाण. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या खटाव-माणमध्ये साधारण पाचशे. इथे पावसाचा आकडा ही केवळ शास्त्रीय माहिती नसते. दुष्काळ ठरवताना जे निकष पाहतात त्यांत पावसाची तूट हा एक प्रमुख निकष आहे. आकडा चुकला तर माणसांचे नुकसान होते.

पर्जन्यमापकात नळकांड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ आणि मोजपात्रावरच्या खुणा यांची जोडी असते. जुन्या सायमन्स पद्धतीच्या मापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौ. सें.मी. नंतरच्या मापकांत १०० किंवा २०० चौ. सें.मी. क्षेत्रफळाची तोंडे आली. समजा एखाद्या ठिकाणी २०० चौ. सें.मी.चा नवा मापक बसवला, पण मोजपात्र जुन्याचेच राहिले. २० मि.मी. पाऊस पडला तर पाणी जमेल ४०० घन सें.मी.; जुने पात्र ते ३१.६ मि.मी. म्हणून दाखवील. याच्या उलट, मापक जुना आणि पात्र नव्याचे असेल, तर तोच पाऊस १२.७ मि.मी. दिसेल. वर्षाच्या ५०० मि.मी.चे पहिल्या परीत ७८९ होतील, दुसऱ्या परीत ३१७. मुलाने सकाळी साडेआठला रोज न चुकता मापन केले, सुवाच्य अक्षरात लिहिले, तरी चूक रोज तीच राहील. तिला 'प्रवेश नाकारला' असा आवाजही नाही.

वर्गात हा प्रयोग दोन वेगळ्या तोंडाच्या डब्यांनी आणि एका मोजपात्राने करता येईल. मुलांना दोन्हींची मापने एकाच पात्राने करू द्या, आणि दोन आकडे वेगळे का आले याचे उत्तर त्यांनाच शोधू द्या. मग आवारातल्या पर्जन्यमापकाकडे न्या. त्याच्याजवळ लावलेले लिंबाचे रोप आता केवढे झाले आहे? झाडाची मापकापासूनची दूरता त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट हवी. रोप लावले तेव्हा ती होती. झाड वाढले, मापक तिथेच राहिला. मूस यांच्यापुढची ट्राम ती हीच.

आणि शेवटी पावसाच्या वहीत एक रकाना वाढवा. तारीख, वेळ, पाऊस यांच्यापुढे 'काय बदलले' एवढाच. पात्र फुटून नवे आणले, मापक हलवला, मोजणारा विद्यार्थी बदलला, शेजारी भिंत उठली; जे बदलले ते त्या दिवशीच्या ओळीत लिहायचे. वर्षातले बहुतेक दिवस हा रकाना कोरा राहील. पुढे एखाद्या वर्षी आकडे विचित्र दिसू लागले, तर तो विचित्रपणा पावसाचा आहे की आपल्या डब्याचा, हे सांगू शकणारी शाळेतली एकमेव जागा तोच रकाना असेल.